वेगवेगळ्या प्रांतांची माणसं एकत्र काम करतात तेव्हा खरंच फायदा होतो, की नुसती डोकेदुखी?

तुम्ही विचारलंय की, तुमच्या कारखान्यात पहिल्यांदाच बाहेरच्या प्रांतांतली माणसं घेतली आहेत, विविधतेचं कौतुक सगळे करतात, पण रोजच्या कामात तिचा उपयोग होतो का. मी रत्नागिरीजवळ हापूसच्या बागा आणि पॅकिंगचं काम बघतो, त्यावरून सांगतो. उपयोग होतो आणि भरपूर होतो. मात्र माणसं वेगळी असणं आणि माणसांना वेगळं वागवणं या दोन गोष्टींची आपल्याकडे फार गल्लत होते. तुमची निम्मी डोकेदुखी तिथून येणार आहे.

आमच्या भागातल्या कितीतरी बागा आज नेपाळी कुटुंबांच्या जिवावर चालतात. गावची तरुण पोरं मुंबई-पुण्याला. पाऊस ओसरला की ही कुटुंबं येतात, साफसफाई, फवारणी, वानरांपासून राखण, काढणी, सगळं करतात आणि जूनच्या तोंडावर परत जातात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. पॅकिंगला वाडीतल्या बायका, टेम्पोवर कोकणी मुसलमान चालक.

आता फायदा कुठे झाला ते सांगतो. फळ चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण, त्यातले चौदा) तयार झालं की उतरवायचं, हे आमच्या जुन्या गड्यांना नजरेनेच कळतं. ‘हा नको, तो काढ’ एवढंच ते म्हणतात. का, ते विचारलं तर हसतात. पहिल्यांदाच आलेल्या नेपाळी मुलाला हे कळायचं कसं? म्हणून सगळं उघड मांडावं लागलं. पाटीत तयार आणि कोवळी फळं शेजारी शेजारी ठेवली. तयार फळाचे खांदे देठाच्या वर येतात, देठापाशी खळगा पडतो, गडद हिरवा रंग फिका होतो. तरी शंका असेल तर पाण्याच्या टबात सोडायचं: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. झेल्याने (काठीला जाळी लावलेलं फळं उतरवायचं साधन) काढताना फळाला थोडा देठ राहिलाच पाहिजे, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. हे एकदा नीट मांडल्यावर नेपाळी मुलं तर शिकलीच, पण आमच्याच वाडीतली नवी पोरंही शिकली. त्यांनाही ते येत नव्हतं, फक्त गावचीच म्हटल्यावर येत असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. कोवळं फळ अढीत, म्हणजे पिकवायला गवतात ठेवलं की, सुरकुततं, म्हणजे हा सरळ पैशाचा फायदा. बाहेरचा माणूस आला की गृहीत धरलेलं सगळं बोलून दाखवावं लागतं, आणि माझ्या मते विविधतेचा सगळ्यात मोठा लाभ हाच.

दुसरा लाभ सणांचा. शिमग्याला पालखी घरी येणार म्हटल्यावर आमचा माणूस कामावर थांबत नाही, थांबूही नये. नेमकी तेव्हाच काढणी सुरू होत असते. सण वेगवेगळे असले की काम अडत नाही. पण यातून एक वाईट सवय लागते. आपल्या प्रत्येक सणाला नेपाळी माणूसच राबतो, आणि त्याचं दसैं, तिहार (त्यांचा दसरा, दिवाळी) असतं तेव्हा कोणी विचारतही नाही. सुट्ट्यांची वही सगळ्यांची एकच ठेवा. रमजान काढणीच्या दिवसांत आला तर गाडी इफ्तारनंतर भरली म्हणून बाजार चुकत नाही, आधी ठरवलं की झालं.

लोक म्हणतात, कोकणाला हे नवं नाही. खरं आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले, गावांवरून ‘कर’ आडनावं लावत आले. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. तिथल्याच कोर्लई गावात पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घरात बोलतात. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीतच राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला.

पण याच किनारपट्टीत महाड आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर जाईपर्यंत ते कागदावरच होतं. त्या तळ्यावर मुसलमान, ख्रिस्ती माणसाला पाणी भरता येत होतं, गावातल्या महाराला नव्हतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. परक्या चालीरीती सहन करणारा समाज तेवढ्यानेच न्यायी होत नाही.

हेच पॅकिंगच्या शेडमध्येही दिसतं. एका बागेत मी पाहिलं, सगळ्यांना चहा स्टीलच्या पेल्यात आणि नेपाळी गड्यांना प्लॅस्टिकच्या. भांडण नव्हतं, कोणी वाईट बोलत नव्हतं. तरी त्या शेडमधला माणूस सडलेलं फळ दिसलं तर पुढे येऊन सांगेल का? पेले एकसारखे करा, नावाने हाक मारा, मजुरी मुकादमाच्या हातात न देता ज्याची त्याला द्या. फवारणीच्या डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष, हे ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला त्याच्या भाषेत सांगा. नेपाळीही देवनागरीतच लिहितात, सूचनेचा फलक करायला काही अवघड नाही.

कौतुकापासूनही जपा. ‘गुरखा इमानदार, राखणीला बरा’ असं म्हणत म्हणत त्याला आयुष्यभर राखणीवरच ठेवतात. छाटणी, कलमं, हिशेब शिकवत नाहीत. तुमच्याकडे कोणत्या प्रांताचा माणूस कोणत्या मशिनवर आहे ते एकदा बघा. एका प्रांताचे सगळे एकाच जागी दिसले तर कारण शोधा.

आणि त्यांची मुलं. आमच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि ही मुलं येतात दिवाळीच्या सुमाराला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षात केव्हाही, वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश देता येतो, पण आईबापांना ते माहीत नसतं आणि मालकाला वेळ नसतो. तुमच्या कामगारांसोबत मुलं आली असतील तर पहिल्या आठवड्यातच कोणाला तरी सोबत देऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पाठवा. पट कमी असलेल्या शाळेचे गुरुजी त्यांना आनंदाने घेतील.