मॅग्नेटोचं टायमिंग लावताय? आधी गॅप

मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय इंजिनला ठिणगी देणारं यंत्र, आणि टायमिंग म्हणजे ती ठिणगी नेमकी कधी पडायची ते. टायमिंगला हात घालण्याआधी पॉइंटची (उघडला की ठिणगी पडते, तो मॅग्नेटोतला स्विच) गॅप लावून घ्या. गॅप बदलली की टायमिंग हललंच. मी सुरुवातीला हे उलट करायचो, मग सगळं काम दोनदा. पिस्टन कॉम्प्रेशनलाच (मिश्रण दाबलं जाताना) वर येतोय ना, तेही बघा. इंजिन टायमिंगच्या खुणेच्या थोडं मागे न्या आणि फिरण्याच्या दिशेनेच खुणेवर आणा, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा फसवतो. पॉइंटमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून हलकेच ओढत राहा. ती सुटली, तोच पॉइंट उघडण्याचा क्षण. बल्ब-बॅटरी जोडून बल्ब कधी विझतो ते बघण्याच्या भानगडीत पडू नका, पॉइंट उघडला तरी मॅग्नेटोतल्या प्रायमरी कॉइलमधून करंट जातोच, बल्ब विझत नाही. मॅग्नेटोच्या टेपर (निमुळत्या) शाफ्टचा नट आवळताना सेटिंग सरकू शकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा कागद लावा.