मधुमेह असलेल्या इतरांशी बोलून काही फायदा होतो का, की उलट भीतीच वाढते?

"मधोमध नका टोचू, कडंला टोचा. कमी दुखतंय."

सांगलीच्या आमराईत एका बाकावर बसून मी घराबाहेर पहिल्यांदाच शुगर मोजत होतो, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाचं हे पहिलं वाक्य. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी बोटाच्या कडेला टोचलं. खरंच कमी दुखलं. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. ते आमचे मामा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, आणि तो बाक अजून आमचाच आहे.

तुम्हाला नुकताच मधुमेह निघालाय आणि घरचे सगळे उपदेश करतायत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते फायदा होतो, पण तो सल्ल्यांचा नव्हे. सल्ले फुकट मिळतात आणि बरेचसे फुकटच जातात. फायदा एवढाच की तिथं खरा आकडा सांगता येतो.

घरी नाही हो सांगता येत. मी हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, दिवसभर लोकांचे आकडे चोख लिहितो. पण घरी २१० म्हटलं की बायकोचा पहिला प्रश्न, "काय खाल्लंत?" मग मी १६० सांगायला लागलो. तपासणीच्या आधी दोन दिवस भात बंद, फिरणं दुप्पट, उपाशीपोटीचा रिपोर्ट झकास. शेवटी डॉक्टरांनी तीन महिन्यांची शुगर काढायला सांगितली, म्हणजे एचबीएवनसी. साखर रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे दोन दिवसांच्या सोंगाला ही तपासणी भुलत नाही. माझी ९.१ आली, म्हणजे बरीच जास्त. बाकावर हे कबूल केलं तर कुणी 'अरेरे' केलं नाही. आमच्यातल्या बाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर रागावले, आणि लॅबच्या आदल्या दिवशी मीसुद्धा तेच करते."

बाकावर आम्ही पाचजण. त्यात सगळ्यात लहान तीच सगळ्यात जुनी. तेवीस वर्षांची मुलगी, तिला टाईप वन आहे, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, म्हणून अकराव्या वर्षापासून ते टोचून घेते. आम्हाला काका, मामा म्हणते. पण शिकवते तीच.

अण्णांचं उदाहरण सांगतो. त्यांना लग्नाला पुण्याला जायचं होतं, इन्सुलिन कसं न्यायचं हे विचारायला त्यांनी पिशवी उघडून दाखवली. पोरीनं बाटली एकदा बघितली आणि सिरिंज हातात घेतली. "अण्णा, टोपण केशरी कसं? बाटली तर चाळीसची आहे." आम्हाला काहीच कळेना. आपल्याकडं बाटलीतून मिळणारं इन्सुलिन बहुधा ४० चं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज १०० च्या इन्सुलिनसाठी. औषध दुकानातून चुकून ती आली होती. अण्णा रोज २० च्या रेघेपर्यंत ओढायचे आणि प्रत्यक्षात पोटात जायचं ८ युनिट. शुगर का उतरत नाही म्हणून बिचाऱ्यांनी महिनाभर सकाळचा चहासुद्धा सोडला होता. उलटी चूक, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं, झाली असती तर अडीचपट गेलं असतं, आणि ते जिवावरचं. अण्णांनी बाकावरूनच डॉक्टरांना फोन लावला, कारण आता नेमकं किती घ्यायचं हे आम्ही ठरवणारे कोण? (पुण्याला बाटली कशी नेली? साध्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत, उन्हापासून लांब. चालू बाटली बर्फात ठेवायची नसते. गोठलं की इन्सुलिन वाया.)

भीतीचं म्हणाल, तर तीही मिळते. कुणाच्या साडूचा अंगठा कापला, कुणाच्या आत्याची नजर गेली, अशा गोष्टी सांगणारे भेटतात. मध्यंतरी एक गृहस्थ कारल्याचा रस घेऊन यायचे आणि सगळ्यांना गोळ्या सोडा म्हणायचे. बाईंनी एकदा सरळ विचारलं, "तुमची तीन महिन्यांची किती?" परत आले नाहीत.

खाण्यावर मात्र आमचं रोज भांडण. तेच पोहे, तीच वाटी, दोन तासांनी बाईंची शुगर १९२, माझी १५५. तेव्हापासून 'तुम्ही हे खावा, काही होत नाही' हे वाक्य बाकावर बंद आहे. ज्वारीची भाकरी आहे म्हणून चार खाल्ल्या तरी चालतात, हा मामांचा सिद्धांतही त्यांच्याच मशिननं मोडला. गुळाच्या चहाचं तर नावच काढू नका, रक्ताला गूळ आणि साखर सारखीच.

गेल्या हिवाळ्यात मामा सकाळी गोळी घेऊन, काहीच न खाता फिरायला आले. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर जेवण चुकलं की शुगर खाली जाऊ शकते, हे त्यांना माहीत होतं. पण घरी पाहुणे, नाश्त्याला उशीर. बाकावर जागा दिली नाही म्हणून ते अण्णांवर असे काही खेकसले, की जन्माचं वैर. मी मध्ये पडून समजूत घालायला लागलो. पोरगी मात्र त्यांच्या कपाळाकडं बघत होती. थंडीत कपाळावर घाम, आणि मफलरची गाठ बोटांना सुटत नव्हती. मोजली तर ५४. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नसतं. तीन चमचे साखर पाण्यात कालवून दिली. मी बिस्कीट पुढं केलं होतं, तिनं हात बाजूला सारला. बिस्किटातल्या तुपा-तेलामुळं साखर चढायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी परत मोजली, ८३. मग घरी नेऊन भाकरी खायला बसवलं. मामांना अण्णांवर ओरडल्याचं आठवतच नव्हतं. अण्णा अजून त्यावरून चिडवतात.

ही साखर कुठून आली म्हणाल, तर पोरीच्या पर्समधून. आता आम्हा सगळ्यांच्या खिशात पुडी असते. उसाच्या जिल्ह्यात साखर सोडलेली पाच माणसं, आणि पाचही जणांच्या खिशात साखर.

तुम्ही सांगलीच्या आसपास असाल तर सकाळी साडेसहाला आमराईत या. नसाल तर तुमच्या गावात फिरायला येणाऱ्यांत बघा, बाकावर बसून बोट पुसणारा एखादा दिसेलच. येताना पुडी तेवढी आणा. मामांची गेल्या मंगळवारी मीच संपवली.