सुट्टीतला सराव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पुढच्या हंगामात शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, तू असणार, हे ऐकून फार आनंद झाला. उन्हाळ्यात पोरांना सरावाला गोळा करायचंय, पण माझं कोण ऐकणार, असं तू विचारलं आहेस. ऐकतील. सुट्टीत सक्ती कुणावरच नसते, त्यामुळे जो येतो तो तुझ्यावरच्या विश्वासाने येतो. तो विश्वास आधी मिळवावा लागतो.

२०११ साली एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधले संघांचे मालक आणि खेळाडू यांचं फाटलं. १२ मार्च ते २५ जुलै क्लबांची दारं बंद होती आणि प्रशिक्षकांना खेळाडूंशी संपर्क करायला मनाई होती. तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीज याने त्याच शहरात टुलेन विद्यापीठात आपल्या सहकाऱ्यांचा सराव सुरू केला. न्यू यॉर्कच्या जायंट्स संघाचा क्वार्टरबॅक एलाय मॅनिंग आपल्या रिसीव्हरांना, म्हणजे पास झेलणाऱ्यांना, घेऊन न्यू जर्सीतल्या होबोकेनला, एका हायस्कूलच्या मैदानावर गेला. त्या हंगामात ब्रीजने ५,४७६ यार्डांचे पास टाकले आणि डॅन मरीनोचा एका हंगामातल्या पासच्या यार्डांचा १९८४ पासूनचा विक्रम मोडला. मॅनिंगच्या जायंट्सनी फेब्रुवारी २०१२ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

पण हे सांगून पोरांना जिंकण्याची हमी देऊ नकोस. त्याच उन्हाळ्यात ग्रीन बेच्या पॅकर्सनी असा एकत्र सराव केलाच नव्हता. तरी पहिल्याच सामन्यात त्यांनी ब्रीजच्या सेंट्सना ४२-३४ असं हरवलं आणि साखळीतल्या सोळापैकी पंधरा सामने जिंकले.

मग घाम कशाला गाळायचा? वेळ जुळवण्यासाठी. स्लँट नावाच्या तिरक्या धावेवरच्या पासचंच बघ. रिसीव्हर दोन-तीन पावलं सरळ धावतो आणि झटकन आत वळतो. तो वळून बघेपर्यंत चेंडू तुझ्या हातातून सुटलेला हवा. तो मोकळा दिसल्यावर टाकलास तर उशीर झालाच म्हणून समज. कोण लांब टांगा टाकतो, कोण वळताना क्षणभर अडखळतो, हे फळ्यावरच्या आकृतीतून कळत नाही. त्याच्याबरोबर पुन्हा पुन्हा टाकावं लागतं, आणि हंगाम सुरू झाला की त्यासाठी सवड मिळत नाही.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अशा सरावात रिसीव्हर हौसेने येतात आणि पुढच्या लाइनमध्ये तुझं रक्षण करणारी दांडगी पोरं घरी राहतात, कारण त्यांना कुणी बोलावतच नाही. तू पहिला फोन सेंटरला, म्हणजे लाइनच्या मधल्या पोराला, कर. शॉटगन रचनेत, म्हणजे तू काही पावलं मागे उभा असताना, तो पायांमधून चेंडू तुझ्याकडे मागे फेकतो. ती फेक, म्हणजे स्नॅप, वाकडी आली तर तुझा हात कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. ग्रुपवर एक मेसेज टाकून मोकळा होऊ नकोस. एकेकाला फोन कर. कुणाची उन्हाळी नोकरी आहे, कुणाला गाडीने सोडणारं कुणी नाही, ते विचार आणि त्यावरून वेळ ठरव. जो येऊ शकला नाही त्याला चारचौघांत टोमणा मारायचा नाही.

त्याआधी कोचला भेट. सुट्टीतल्या सरावाचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात आणि मैदानाची परवानगी शाळेकडूनच घ्यावी लागते. अंगावर पॅड नाहीत, टॅकलिंग म्हणजे पाडापाडी नाही. २०२१ च्या मे महिन्यात एनएफएलमधल्या ब्रॉन्कोस संघाच्या जवुआन जेम्सला क्लबच्या आवाराबाहेर व्यायाम करताना टाचेच्या शिरेची दुखापत झाली आणि त्याच्या पगाराची हमीच धोक्यात आली. तुमचा पगाराचा प्रश्न नाही, पण कुणाचा पाय मोडला तर काय करायचं, कुणाला फोन लावायचा, हे आधी ठरलेलं हवं. सकाळी लवकर सुरू करा. तहान लागली की ज्याने त्याने न विचारता पाणी प्यावं. ऊन लागून या खेळात मुलं दगावली आहेत.

परवानगी मिळाली की मला कळव. पहिल्या दिवशी पाण्याचे कूलर मी घेऊन येईन.

तुझा,
काका