आधी एकच तळं धर

पक्ष्यांच्या फोटोंसाठी लेन्स घेतलीस, बरं झालं. पण लगेच गोवाभर धावू नकोस. वर्षभर करमळीचं तळं धर, रेल्वे स्टेशनजवळच आहे. हिवाळ्यात तलवार बदकं, अडया (शीळ घालणारी बदकं) येतात. सूर्य पाठीशी ठेव, काठावर चक्क मांडी घालून बस. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलेला फोटो वेगळाच दिसतो. ऊन चढलं की आवर, पाण्यावरची हवा थरथरते आणि पिसं धूसर येतात.

खरी मजा पावसाळ्यात. हिवाळ्यात फिका दिसणारा कमळपक्षी तेव्हा चॉकलेटी होतो, लांब शेपूट मिरवतो. गायबगळ्याचं डोकं केशरी होतं. पांढऱ्या बगळ्याला मात्र एक्स्पोजर (फोटोतला उजेड) थोडं उणे कर, नाहीतर पिसांऐवजी नुसता चुना! पक्षी उडताना शटर १/१६०० सेकंदापेक्षा हळू नको.

आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नकोस, थंड काचेवर बाष्प धरतं. पहिल्या वर्षी मी रुमालाने काच पुसत राहिलो, समोरून जांभळी पाणकोंबडी पिल्लांसकट निघून गेली.

चोडण बेटावर जायचं तर ओहोटी बघून जा. चिखल उघडा पडल्यावरच तुतारी पक्षी खाली उतरतात. घरट्याच्या जवळ मात्र अजिबात जायचं नाही, फोटो गेला तरी चालेल.