स्टिअरिंगवरची मूठ

प्रिय मुली,

परवा शेजारी बसून मी रस्त्यापेक्षा तुझे हातच जास्त बघत होतो. मूठ इतकी घट्ट, की पेरं पांढरी पडली होती. रस्ता सरळ, समोर कुणी नाही, तरी गाडी डुलत होती. तू म्हणालीस, “गाडी ओढतेय.” ओढत नव्हती गं. तू सारखी बारीक बारीक वळवत होतीस आणि मग तेच परत निस्तरत होतीस.

स्टिअरिंगचा दांडा खाली एक छोटं दातेरी चाक फिरवतो. ते आडव्या दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, बाजूला सरकवतं आणि टोकांचे टाय रॉड, म्हणजे जोडदांडे, पुढची चाकं वळवतात. स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरलं, की चाक जेमतेम १ अंश वळतं. म्हणून पार्किंगमध्ये गरागरा फिरवावं लागतं. वेगात मात्र तो एक अंशही पुष्कळ झाला. शिवाय पुढची चाकं ज्या आसाभोवती वळतात तो वरच्या बाजूला जरा मागे कललेला असतो, त्यामुळे चालती गाडी आपणहून सरळ व्हायला बघते. वळण संपताना पकड सैल कर, स्टिअरिंग तळहाताखालून सरकत जागेवर येईल. हात मात्र उचलायचे नाहीत.

आम्हाला घड्याळातल्या दहा आणि दोनवर हात ठेवायला शिकवलं होतं. तू नऊ आणि तीनवर ठेव. हात वर असले आणि एअरबॅग फुगली, तर आपलेच हात तोंडावर आदळतात. उजवीकडे वळताना उजव्या हाताने वरून खाली ओढ, तोवर डावा सैल सरकत खाली येऊ दे, मग त्याने वर ढकल. स्टिअरिंगच्या आतून हात घालून फिरवायची सवय लागली असेल तर आजच मोड.

उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळू नकोस, टायर जागच्या जागी घासतात. गाडी किंचित सरकू दे, मग फिरव. चालता चालता इंजिन बंद पडलंच, तर स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. घाबरून किल्ली काढू नकोस, नाहीतर ते लॉक होईल.

आणि नजर लांब ठेव. शिकताना रस्त्यातला एक दगड चुकवायचा म्हणून मी त्याच्याकडेच टक लावून बसलो आणि बरोब्बर त्याच्यावरूनच गाडी नेली!

रविवारी मोकळ्या मैदानात जाऊ. पहिला अर्धा तास फक्त सरळ चालवायची.

तुझा,
काका