‘हुजऱ्या’ लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

बाजार समितीच्या बातमीत सभापतींसोबतच्या तिघांना तू सरसकट ‘हुजरे’ म्हटलं आहेस. त्यातला एक चालक, एक समितीचा शिपाई. दोघं पगारावर राबतात. त्यांच्यापुरता तो शब्द आधी खोड.

हुजऱ्या म्हणजे मुळात धन्याच्या हुजुरात हजर राहणारा नोकर. ते रीतसर काम होतं. आज त्यातला कमीपणा येतो तो स्वतःचं मत गहाण टाकून मर्जी राखण्यामुळे. हा भेद पाळला नाहीस, तर कुणाच्या पोटापाण्यालाच शिवी बसते, आणि ते मला फार लागतं.

जवळचे शब्दही अदलाबदलीने टाकू नकोस. होयबा नंदीबैलासारखी मान हलवतो, बस्स. खुशमस्करा स्तुतीवर जगतो. बगलबच्चा धन्याच्या जोरावर इतरांवर गुरगुरतो, म्हणून गिरणा नदीच्या वाळूवरून दमदाटी करणाऱ्याला तोच शोभतो. सांगकाम्यात लाचारी नाही, फक्त स्वतःची अक्कल न चालवणं आहे. ‘चमचा’ सगळ्यांत सैल वापरला जातो. पण बहुजन समाज पक्षाचे संस्थापक कांशीराम यांनी १९८२ साली त्याचा अर्थ नेमका बांधला: जो स्वतः चालत नाही, दुसऱ्याला चालवावा लागतो तो. तेव्हा चालवणारा कोण, हे पुराव्यानिशी सांगता येत नसेल तर हा शब्द नको.

टाइप करताना ‘ऱ’ला हलन्त देऊन ‘य’ जोड. साधा ‘र’ घेतलास की रफार चढून ‘हुजर्या’ होतं. अनेकवचन हुजरे, पुढे हुजऱ्याने, हुजऱ्यांना, भाववाचक हुजरेगिरी.

बातमीत मात्र ही लेबलं नकोतच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे, आणि ते छापील शब्दालाही लागतं. त्याहून मोठी अडचण ही, की लेबलातून वाचकाला काहीच दिसत नाही. असं लिही: ‘ठराव वाचून व्हायच्या आत सदस्याने हात वर केला, विषय काय होता, हे त्याला नंतर सांगता आलं नाही.’ अहिराणीत ‘मांगे मांगे फिरस’ म्हटलं की माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, कारण तिथे क्रियापद काम करतं. सदरात किंवा अग्रलेखात शब्द जरूर वापर, पण आधी प्रसंग, मग शब्द.

सभेत विरोधकाने तो उच्चारला, तर बोलणाऱ्याच्या नावासह अवतरणात दे. अवतरणामुळे आपली जबाबदारी सुटत नाही. ज्याला म्हटलं त्याला पान लागण्याआधी फोन कर आणि त्याचं म्हणणं त्याच बातमीत घे.

तुझा,
काका