मैत्रिणीला दिलेली वस्तू परत मागितली तर मैत्री तुटेल का?

ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगतेय. एक ताई आल्या होत्या, बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी काउन्सेलरकडे येतं का?" येतात, आणि बरेच जण येतात. यांनी आपलं शिलाई मशीन जवळच्या मैत्रिणीला वापरायला दिलं होतं, कित्येक महिने झाले तरी ते परत आलं नव्हतं आणि मागायची हिंमत होत नव्हती. मग काय, तिचा फोन आला की उचलायचा नाही, मेसेजला नुसतं "हो" नाहीतर "बघू", तिने स्टेटसला नवीन मोबाईलचा फोटो टाकला की मनात यायचं, हिला मोबाईल घेता येतो, मशीन घेता येत नाही का? मैत्रिणीला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे मला फार वाईट वाटलं.

मी विचारलं, मशीन देताना तुम्ही नेमकं काय बोललात? त्या जरा थांबल्या, म्हणाल्या, "घे गं, मला काही घाई नाही, सावकाश दे." म्हणजे तिने ऐकलं ते एवढंच, आणि ती त्याप्रमाणेच वागत होती.

आपली वस्तू आपल्याला जेवढी मोलाची वाटते तेवढी समोरच्याला वाटत नाही. कानेमन, नेच आणि थेलर या तीन संशोधकांचा 1990 साली छापून आलेला प्रयोग आहे, काही विद्यार्थ्यांना कॉफीचे कप देऊन टाकले, काहींना दिले नाहीत, तर कप मिळालेल्यांनी विकायची जी किंमत सांगितली ती बाकीच्यांच्या खरेदीच्या किमतीच्या साधारण दुप्पट किंवा जास्तच निघाली. साध्या कपाचं असं, तर रोजच्या वापरातल्या मशीनचं काय! तुम्हाला ती रिकामी जागा रोज दिसते, तिच्या घरी मात्र ते कोपऱ्यात ठेवलेलं एक सामान असतं. यात दरवेळी खोट असतेच असं नाही.

मग आम्ही तिथेच बसून मेसेज लिहिला. त्यांचा पहिला ड्राफ्ट होता, "सॉरी हं, तुझं काम झालं असेल तर, जमलं तर मशीन देशील का, नसेल तर राहू दे." यात समोरच्याला कळणार काय? सगळं काढून टाकलं आणि लिहिलं, "अगं, मला शनिवारी मशीन लागणारे, पडदे शिवायचेत. सकाळी घ्यायला येऊ की तू आणून देतेस?" कारण एकच आणि खरं, दिवस ठरलेला, टोमणा नाही. खोटं कारण अजिबात देऊ नका, ते नंतर कळतं आणि तेच जास्त लागतं.

मशीन आलं, पण बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याचं रीळ बसवायची छोटी डबी, गायब. आता हे बोलू का नको, परत तीच घालमेल! माझं मत स्पष्ट आहे, वस्तू हातात आली की तिच्यासमोरच उघडून बघायची आणि साधं विचारायचं, "यातली केस दिसत नाहीये, घरी राहिली का बघशील?" चार दिवसांनी विचारलं की तोच प्रश्न आरोपासारखा वाटतो. वापरून थोडी झीज होणारच, ती देणाऱ्याने सोडून द्यावी, पण हरवलं किंवा मोडलं तर नेणाऱ्याने भरून द्यायचं, आणि हे देतानाच बोलून घेतलेलं बरं. कधी परत हवंय तेही तेव्हाच सांगा, सोबत काय काय दिलंय त्याचा एक फोटो दोघींकडे असू द्या.

जे नेतात त्यांनाही सांगते, मागायची वेळ येऊ देऊ नका. उशीर होणार असेल तर आपणहून कळवा, पुसून द्या, बिघडलं तर परत करायच्या आधीच सांगा आणि विचारल्याशिवाय तिसऱ्याला तर मुळीच देऊ नका.

आणि एखादी वस्तू द्यायचीच नसेल तर नाही म्हणा ना! या ताईंनी शिडी, मोठी बॅग वगैरे द्यायचं चालू ठेवलंय, पण मशीनबद्दल मैत्रिणीला प्रेमाने सांगून टाकलं, "हे मी बाहेर देत नाही गं, तुला काही शिवायचं असेल तर माझ्याकडे येऊन शिव."